लेखक कुठे बसतात, कधी लिहितात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्याने लिहू लागलेली माणसं हे प्रश्न जरा संकोचाने विचारतात. टेबल कुठलं, वेळ कुठली, पेन कुठलं, हे विचारणं म्हणजे मुद्दा सोडून भलतंच काही विचारणं, असं त्यांना वाटतं. मला तसं वाटत नाही. लेखकांच्या मुलाखती, पत्रं, रोजनिश्या मी वर्षानुवर्षं आवडीने वाचत आले आहे. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: विचित्र वाटणाऱ्या सवयीच्या मागे बहुतेक वेळा एक साधी अडचण असते. पाठ दुखते, घरात गोंगाट असतो, नोकरी असते, मूल लहान असतं. म्हणून कुणाची सवय उचलण्याआधी त्या माणसाला अडत काय होतं ते बघावं. खालची उत्तरं त्याच अंगाने दिली आहेत.

लिहायला स्वतःची खोली हवीच का?

मिळत असेल तर जरूर घ्या, आणि घेताना अपराधी वाटून घेऊ नका. व्हर्जिनिया वूल्फ यांनी १९२८ मध्ये केंब्रिजच्या विद्यार्थिनींपुढे जी व्याख्यानं दिली, त्यांतून पुढच्या वर्षी 'अ रूम ऑफ वन्स ओन' हे पुस्तक झालं. बाईला लिहायचं असेल तर वर्षाला पाचशे पौंड आणि आतून कुलूप लावता येईल अशी खोली हवी, हे त्यांचं म्हणणं. लोकांच्या लक्षात खोली राहते, पौंड विसरले जातात. वूल्फ यांच्या लेखी मात्र दोन्ही सारखंच महत्त्वाचं होतं. उद्याच्या खर्चाची काळजी आणि कुणीतरी आत्ता हाक मारेल ही धास्ती, दोन्ही डोक्यात तीच जागा अडवून बसतात.

खोली नसतानाही मोठं लेखन झालं आहे. जेन ऑस्टिन चॉटनच्या घरी एका लहानशा, बारा कोनी टेबलाशी बसून लिहीत. ते टेबल इतकं छोटं की त्यावर कागद आणि दौत ठेवली की संपलं. त्यांच्या भाच्याने लिहून ठेवलं आहे की त्या लहान कागदांवर लिहीत, म्हणजे कुणी आलं तर पटकन झाकता यावेत. आणि येण्याजाण्याच्या वाटेवरचं एक दार करकरायचं, ते त्यांनी दुरुस्त करू दिलं नाही. मला या करकरणाऱ्या दाराचं फार मोल वाटतं. एकांत मिळत नव्हता, तर निदान कुणी येत असल्याची सूचना तरी त्यांनी मिळवली. तुमच्या घरात दार बंद करणं शक्य नसेल तर अशी सूचना कशाने मिळेल याचा विचार करा. दाराकडे तोंड करून बसलात तरी फरक पडतो, कारण कुणी मागून येईल म्हणून सतत अर्धा कान तिकडे लावावा लागत नाही.

इतक्या लेखकांनी बागेत खोपटी का बांधली?

घर सोडायचं नव्हतं, पण घराच्या हाकेपासून थोडं लांब जायचं होतं म्हणून. वूल्फ यांची रॉडमेलला बागेत लिहिण्याची खोली होती. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांची झोपडी फिरती होती. ऊन सरकेल तशी ती ढकलून वळवता यायची. झोपडीचं नाव त्यांनी 'लंडन' ठेवलं होतं. नको असलेले पाहुणे आले की ते लंडनला गेलेत असं खुशाल सांगता यायचं. मार्क ट्वेन यांच्यासाठी १८७४ मध्ये त्यांच्या मेहुणीने आपल्या शेतावरच्या टेकडीवर आठ कोनी अभ्यासिका बांधून दिली, चहूबाजूंनी खिडक्यांची. चार्ल्स डिकन्स यांना एका नटमित्राने लाकडी बंगली सुट्या भागांत भेट पाठवली होती. ती उभी करून त्यांनी तिच्या वरच्या मजल्यावर आरसे लावले, म्हणजे बाहेरची झाडं आतही दिसावीत. जून १८७० मध्ये मृत्यूच्या आदल्या दिवशीही ते तिथेच लिहीत होते.

पण माझ्या मते शिकण्यासारखं सगळ्यात जास्त आहे ते रोआल्ड डाल यांच्या खोपटीत. आत टेबल नव्हतं. जुनी, मोठी आरामखुर्ची होती. दुसऱ्या महायुद्धात विमान कोसळून त्यांच्या पाठीला जबर इजा झाली होती, म्हणून त्यांनी खुर्चीच्या पाठीला दुखऱ्या भागाच्या जागी भोक पाडून घेतलं होतं. खुर्चीच्या हातांवर आडवी एक फळी, तिला बिलियर्डच्या टेबलाचं हिरवं कापड लावलेलं. पाय टेकवायला लाकडाचे ओंडके भरलेली जुनी पेटी. थंडीत पाय झोपण्याच्या पिशवीत. सहा पिवळ्या पेन्सिली टोक काढून तयार, पिवळा कागद, खिडकीचे पडदे ओढलेले. सकाळी दहा ते बारा आणि दुपारी चार ते सहा. छायाचित्रात ही खोली गबाळी दिसते. पण त्यातली वस्तू न् वस्तू एका दुखऱ्या शरीराला दोन तास स्थिर बसवण्यासाठी आहे. महागडी खुर्ची घेण्याआधी तुम्ही कधी उठता आणि का उठता, हे आठवडाभर टिपून बघा. पाय गार पडतात म्हणून उठत असाल तर उपाय मोज्यांचा आहे.

घरात जागाच नाही. बाहेर बसून लिहिणं जमतं का?

अगदी छान जमतं, आणि ही काही दुय्यम सोय नाही. माया अँजेलो यांना स्वतःचं प्रशस्त घर होतं, तरी त्या गावातल्याच हॉटेलात महिन्याच्या बोलीवर एक खोली घेत. सकाळी साडेसहाच्या सुमारास तिथे पोहोचायच्या, भिंतीवरची चित्रं काढून ठेवायला सांगायच्या आणि पलंगावर आडव्या होऊन लिहायच्या. सोबत शब्दकोश, समानार्थी कोश, बायबल आणि पत्त्यांचा जोड. दुपारी घरी परत. त्या खोलीत त्या कधी झोपल्या नाहीत. तिथे त्यांना आठवण करून देणारं, जबाबदारीची जाणीव देणारं काही नव्हतं, आणि हवं होतं ते नेमकं हेच.

फ्रेंच लेखिका नाताली सारोत रोज सकाळी एका ठरलेल्या कॅफेत जाऊन लिहीत. तिथे फोन नव्हता आणि कुणी हाक मारत नव्हतं. दुर्गा भागवत यांचं कितीतरी काम मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात बसून झालं. रे ब्रॅडबरी यांच्या घरी लहान मुलं होती आणि वेगळं ऑफिस परवडत नव्हतं. विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या तळघरात नाणं टाकून चालणारे टाइपरायटर होते, अर्ध्या तासाला दहा सेंट. 'फॅरनहाइट ४५१'चा पहिला मसुदा त्यांनी तिथे ९ डॉलर ८० सेंटमध्ये उतरवला. हिशेब केला तर ४९ तास होतात. घड्याळ पैसे खात असताना माणूस खिडकीबाहेर फार वेळ बघत नाही.

सार्वजनिक जागा निवडताना मी दोन गोष्टी बघायला सांगेन. तुम्हाला तिथे ओळखणारं कुणी नको. आणि तिथला आवाज अखंड, एकसारखा हवा. गर्दीची एकत्रित गुणगुण चालते. शेजारच्या टेबलावरचं स्पष्ट ऐकू येणारं एकच भांडण चालत नाही, कारण आपण वाक्य सोडून त्यात अडकतो.

समोर खिडकी असावी की भिंत?

आधी भिंत लावून बघा. अमेरिकन लेखिका अ‍ॅनी डिलर्ड यांनी तर खिडकीचे पडदे लावून टाकले, बाहेरच्या दृश्याचं चित्र काढलं आणि ते पडद्यावर चिकटवलं. ट्वेन आणि डिकन्स यांना मात्र चहूबाजूंचा उजेड हवा होता. हा स्वभावाचा भाग आहे. दोन्हीकडे आठवडा-आठवडा बसून बघितल्याशिवाय कळत नाही.

पहाट चांगली की रात्र?

ज्या वेळी तुम्हाला कुणी मागत नाही ती वेळ चांगली.

टोनी मॉरिसन पहाटेच्या आधी उठत. त्या वेळी त्या प्रकाशनसंस्थेत संपादक होत्या आणि दोन मुलग्यांना एकट्या वाढवत होत्या. मुलं उठून 'मम्मा' म्हणायच्या आत लिहायचं, अशी ती सुरुवात होती. पुढे मुलं मोठी झाली, पण सवय टिकली. आपलं डोकं सकाळीच जास्त स्वच्छ चालतं हे त्यांच्या लक्षात आलं होतं. अंधारात उठून कॉफी करायची आणि उजेड येताना बघायचा, हा त्यांचा लिहिण्यात शिरण्याचा विधी होता.

मार्सेल प्रूस्त यांचं उलट. दम्याचा त्रास, आवाज आणि धूळ सहन न होणं, त्यामुळे त्यांनी १९१० मध्ये पॅरिसमधल्या आपल्या झोपायच्या खोलीच्या भिंतींना बुचाच्या लाकडाचं अस्तर लावून घेतलं आणि रात्रभर अंथरुणातच लिहीत राहिले. हारुकी मुराकामी कादंबरी चालू असली की चारला उठतात, पाच-सहा तास लिहितात, दुपारी धावतात किंवा पोहतात आणि रात्री नऊला झोपतात. पहाटे उठणाऱ्यांचं कौतुक करताना हे नऊ वाजता झोपणं सोडून दिलं जातं. रात्री बारापर्यंत जागून चारला उठलात तर आठवड्याभरात आजारी पडाल आणि दोष लेखनाला द्याल.

पूर्ण वेळ नोकरी आहे. लिहिणं खरंच शक्य आहे का?

आहे, पण कशाची तरी किंमत मोजून. ती कशाची, हे आधी ठरवावं.

अँथनी ट्रॉलप इंग्लंडच्या टपाल खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. पत्र टाकायच्या पेट्या तिथे सुरू करण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. कामावर जाण्यापूर्वी, पहाटे साडेपाचला ते टेबलाशी असत. वेळेवर उठवून कॉफी आणून देण्यासाठी नोकराला वर्षाला पाच पौंड जास्तीचे देत, आणि आपल्या यशात त्या माणसाचा वाटा सगळ्यात मोठा असं त्यांनी आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिलं आहे. पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचं वाचण्यात जाई. मग समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द. प्रवासात रेल्वेच्या डब्यात मांडीवर फळी घेऊन लिहीत. अशा रीतीने ४७ कादंबऱ्या झाल्या.

काफ्का प्रागमध्ये कामगारांच्या अपघात विमा संस्थेत आठ ते दोन नोकरी करत. दुपारी झोप, मग फिरणं, कुटुंबासोबत जेवण आणि रात्री साडेदहा-अकराला लिहायला बसणं, ते पहाटेपर्यंत. १९१२ च्या सप्टेंबरमधल्या एका रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत बसून त्यांनी एक संपूर्ण कथा लिहून काढली. ती रात्र प्रसिद्ध आहे. पण त्यांची पत्रं आणि रोजनिशी वाचली की थकवा, डोकेदुखी, झोप न लागणं याच्या तक्रारी पानोपानी भेटतात. त्या एका रात्रीवर आपलं वेळापत्रक बेतू नये. ट्रॉलप यांचा मार्ग रूक्ष वाटतो, पण नोकरी करणाऱ्याला मी तोच सुचवेन. रोज अर्धा तास, कामाच्या आधी, आणि त्यातली पहिली पाच मिनिटं कालचं वाचायला.

मूल लहान असताना काय करायचं?

लेखनाचा आकार बदलायचा. अ‍ॅलिस मन्रो यांना २०१३ मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं ते कथांसाठी. मुली लहान असताना त्या त्यांच्या झोपेच्या वेळात लिहीत, आणि कादंबरीसाठी लागणारा सलग वेळ मिळत नव्हता म्हणून कथेकडे वळले असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे. तुकड्यातुकड्याने मिळणाऱ्या वेळात बसेल असं काहीतरी घ्या: एक प्रसंग, एक व्यक्तिचित्र, एकच संवाद.

घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाशीही स्पष्ट बोला. 'मला जरा वेळ हवा' असं म्हटलं तर तो कधीच मिळत नाही. 'रविवारी सात ते नऊ बाळ तुझ्याकडे' असं म्हटलं तर मिळतो. हे बोलणं बहुतेक वेळा बायकांनाच करावं लागतं, आणि ते सोपं नसतं हे मला माहीत आहे. तरी करा.

रोज किती शब्द लिहावेत?

ग्रॅहम ग्रीन पाचशेवर थांबत. स्टीफन किंग स्वतः दोन हजार लिहायचे, पण नव्या लेखकाला ते रोज हजार आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी सुचवतात. हेमिंग्वे पुठ्ठ्यावर रोजचा आकडा टिपून ठेवायचे, स्वतःला फसवू नये म्हणून. त्यात कुठे साडेचारशे, तर कुठे साडेबाराशे असे आकडे आहेत.

हे बहुतेक आकडे पूर्ण वेळ लेखकांचे आहेत. तुम्ही तीनशे ठरवा. वाईट दिवशीही पूर्ण होईल एवढाच आकडा असावा, कारण आकड्याचं काम तुम्हाला पुन्हा खुर्चीत बसवणं एवढंच आहे. कवितेला तर शब्दांचा हिशेब लागूच नाही. तिथे वेळ मोजा.

आजचं लिहिणं नेमकं कुठे थांबवावं?

पुढे काय होणार हे माहीत असताना. ही हेमिंग्वे यांची सवय, आणि या पानावरची एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचला.

समजा, तुमच्या कथेतली सुनंदा जिन्यात उभी आहे, हातात भावाचं पत्र. त्याने घर विकलं आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, तिला अजून नाही. ती पाकीट फाडते. इथे पेन खाली ठेवा. मोह होईल, कारण पुढचं डोळ्यासमोर दिसत असतं. पण आज ते पत्र वाचून झालं, ती रडून झाली, प्रकरण संपलं, तर उद्या तुमच्यासमोर कोरा कागद आणि 'आता पुढे काय' हा प्रश्न असेल. पाकीट फाडलेलं असेल तर उद्या पहिल्याच मिनिटाला तुम्हाला लिहायला वाक्य आहे. फार धास्ती वाटत असेल तर समासात तीन-चार शब्दांत टीप ठेवा. दिवसभर मात्र त्यावर मुद्दाम विचार करू नका, वाचन करा, कामं करा. हेमिंग्वेही हेच सांगत.

बसते, पण काहीच सुचत नाही. तेव्हा?

रेमंड चँडलर यांचा नियम असा: दिवसातले चार तास लिहिण्यासाठी राखून ठेवायचे. त्या वेळात लिहिलंच पाहिजे असं नाही, पण दुसरं काहीही करायचं नाही. पुस्तक वाचायचं नाही, पत्रं लिहायची नाहीत. हवं तर खिडकीतून बघत बसावं. चारऐवजी चाळीस मिनिटं करा, नियम तसाच चालतो. कंटाळा एका मर्यादेपलीकडे गेला की माणूस लिहू लागतो.

दुसरा मार्ग जॉन स्टाइनबेक यांचा. १९५१ मध्ये 'ईस्ट ऑफ ईडन' लिहिताना ते मोठ्या वहीच्या डाव्या पानावर रोज आपल्या संपादकाला पत्र लिहीत: आज मन कसं आहे, पेन्सिली कशा आहेत, आज कादंबरीत काय करायचं आहे. मग उजव्या पानावर कादंबरी. ज्याच्याशी तुम्ही मोकळेपणाने बोलता अशा एका माणसाला उद्देशून 'आज मला हे लिहायचं आहे, पण' अशी सुरुवात करून बघा. ते 'पण' पूर्ण करता करता नेमकं काय अडलंय ते सापडतं.

हाताने लिहावं, टाइप करावं, की फोनला सांगावं?

तिन्ही चालतं. नाबोकोव्ह लहान कार्डांवर पेन्सिलीने लिहीत, म्हणजे प्रसंगांचा क्रम हवा तसा बदलता येई. दोस्तोयव्हस्की यांनी १८६६ मध्ये प्रकाशकाच्या मुदतीच्या धाकाने 'द गॅम्बलर' ही कादंबरी अॅना या लघुलेखिकेला २६ दिवसांत सांगून लिहवून घेतली. पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं. मिल्टन यांना दिसत नव्हतं. 'पॅरडाइज लॉस्ट' त्यांनी इतरांकडून उतरवून घेतलं.

आणि बहिणाबाई चौधरी. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, कामाच्या लयीत ओव्या सुचत गेल्या आणि जवळच्यांनी त्या टिपून ठेवल्या. १९५१ मध्ये त्या गेल्या, त्यानंतर त्यांचे सुपुत्र सोपानदेव यांच्यामुळे १९५२ मध्ये त्या कविता पुस्तकरूपात आल्या. हात गुंतलेले असताना सुचतं, असा अनुभव असेल तर फोनवर आवाज मुद्रित करून ठेवा. बोलून टाइप करण्याची सोय मराठीत आता बरी चालते. विरामचिन्हं आणि जोडाक्षरं मात्र नंतर बसून तपासावी लागतात.

तुरुंगात पुस्तकं लिहिली गेली. मग जागेचं एवढं काय?

'गीतारहस्य' टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात पेन्सिलीने लिहिलं. साने गुरुजींची 'श्यामची आई' १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगातली. नेहरूंचं 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' १९४४ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यातलं. केनियातल्या गुगी वा थिओंगो यांनी तर १९७८ मध्ये कोठडीतल्या शौचाच्या कागदावर कादंबरी लिहिली.

या उदाहरणांनी मन भरून येतं. पण 'ते तुरुंगात लिहू शकले, तुला घरात जमत नाही?' असं कुणी म्हणू लागलं तर ते मला मान्य नाही. कैद हे लेखनाला पोषक वातावरण नव्हे. ही माणसं आत गेली ती वर्षानुवर्षांचं चिंतन घेऊन, आणि नेहरूंनी तर सोबतच्या कैद्यांशी झालेल्या चर्चांचं ऋण प्रस्तावनेत मानलं आहे. कितीतरी जण तुरुंगात काहीच लिहू शकले नाहीत. त्यांची नावं या यादीत येत नाहीत.

चहा-कॉफी, उभं राहून लिहिणं, चालणं, यांचा उपयोग होतो का?

बाल्झाक बेसुमार कॉफी पीत. तब्येतीच्या दृष्टीने ते अनुकरणीय नाही. हेमिंग्वे उभ्याने लिहीत, ह्यूगोही. पाठीला बरं वाटत असेल तर करा.

चालण्याचा उपयोग मात्र खरा आहे. वर्ड्स्वर्थ चालता चालता कविता रचत. डिकन्स दुपारी दोनपर्यंत काम करून मैलोन् मैल चालत. कोंडी झालेला प्रसंग घेऊन बाहेर पडा, फोन घरी ठेवा.

आणि फोन, इंटरनेट?

लिहिण्याच्या वेळात दुसऱ्या खोलीत. जोनाथन फ्रँझन यांनी लॅपटॉपच्या इंटरनेटच्या खाचेत केबल चिकटवून तिचं टोक कापून टाकलं होतं. एवढं करायची गरज नाही, पण मनोनिग्रहावर विसंबू नका. संदर्भ शोधायचा असेल तर मजकुरात फुली मारून पुढे जा आणि सगळ्या फुल्या नंतर एकदम भरा.

तपासणीही त्याच जागी बसून करावी का?

शक्य असेल तर जागा बदला. स्टीफन किंग यांचा सल्ला आहे की पहिला खर्डा दार बंद करून लिहावा आणि पुनर्लेखन दार उघडं ठेवून करावं. वाचणारी माणसं त्या दारातून आत येतात. मी एक भर घालेन: मजकूर छापून घ्या, टेबलापासून उठा आणि उभ्याने, मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते किंवा श्वास पुरत नाही तिथे पेन्सिलीने नुसती रेघ मारा. लगेच दुरुस्त करायला बसू नका, नाहीतर पहिली दोन पानं घोटून गुळगुळीत होतील आणि शेवटची दहा कुणी वाचलेलीच नसतील.